फोर बाय फोर आहे ना रे?

आईची अट एकच होती. "गाडी फोर बाय फोर असेल तर यांना ने. नाहीतर तुम्ही दोघंच जा."

आता आमच्या आईला फोर बाय फोर म्हणजे काय हे माहीत असायचं तसं काही कारण नाही. तिच्या भिशीतल्या एका मैत्रिणीचा मुलगा लडाखला जाऊन आला होता, त्याच्या गाडीच्या पाठीवर '४×४' लिहिलेलं होतं आणि तो धडधाकट परत आला होता. एवढं पुरेसं होतं. मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, "हो गं, फोर बाय फोरच आहे."

नव्हती!

तर मंडळी, गोष्ट २०२४ च्या जूनअखेरची. मी, बायको आणि बाबा असे तिघं स्पितीला निघालो होतो. पुण्याहून विमानानं चंदीगड, तिथून सेल्फ ड्राइव्हची भाड्याची गाडी, मग मनाली, अटल टनेल, सिस्सू आणि पुढे ग्राम्फू-बातल-कुंझुम करत काझा. आईचे गुडघे तिला येऊ देईनात. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. १९८३ ते २०१४, एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी महाड डेपोत. वरंध घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल याचा हिशेब महामंडळाकडेही नसेल. पण आयुष्यभर लोकांना पोचवणाऱ्या या माणसानं हिमालय पाहिला नव्हता. अडुसष्टाव्या वर्षी डॉक्टरांकडून सगळ्या तपासण्या करून घेऊन, कानटोपी वगैरे खरेदी करून ते तयार झाले होते.

भाड्याच्या गाड्यांच्या वेबसाइटवर एकाच गाडीचे दोन फोटो शेजारी शेजारी होते. तोच चौकोनी चेहरा, तीच उंची, तेच जाडजूड टायर. एकीपुढे लिहिलं होतं ४×४, दुसरीपुढे ४×२. आठ दिवसांच्या भाड्यात फरक एवढा, की त्यात आमची तिघांची परतीची तिकिटं निघाली असती. नुकतंच अप्रेझल झालं होतं आणि ते कसं झालं होतं ते विचारू नका. म्हटलं, दिसायला तर सेम टू सेम आहे, कोणाला कळणार? (गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. पुढे जे झालं त्यात तिचा दोष नव्हता.)

चंदीगडला गाडी ताब्यात घेताना बाबा तिच्याभोवती एक चक्कर मारून आले. टायरवर लाथ मारून बघितली. बुटाची लेस बांधायला खाली वाकले. मग पुढे बसत म्हणाले, "छान आहे. चल."

बैलगाडी आणि हातगाडी

बाबांच्या शेजारी बसून गाडी चालवणं म्हणजे बॉस मागे उभा असताना प्रेझेंटेशन बनवण्यासारखं आहे. बोलत काही नाहीत, पण त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत असतो. किरतपूरहून पुढे, नव्या बोगद्यांतून आत-बाहेर करताना मी विषय काढावा म्हणून विचारलं, की पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आणि मागच्या चाकांवर चालणारी गाडी यात चालवताना नक्की फरक काय कळतो?

"बैलगाडी ओढते, हातगाडी ढकलते," बाबा म्हणाले. "तेवढाच."

एवढ्यावर सोडणारा मी नव्हे. मंडीपर्यंत त्यांच्याकडून जे काही काढून घेतलं ते असं...

आपण रोज ऑफिसला नेतो त्या बहुतेक सगळ्या छोट्या गाड्या, म्हणजे स्विफ्ट, वॅगनआर, डिझायर, या बैलगाडीच्या जातीच्या. इंजिन पुढे, आडवं बसवलेलं, आणि फिरतात ती पुढची चाकं. इंजिनाचं वजन नेमकं त्याच चाकांवर, त्यामुळे पावसात पकड चांगली. मागच्या चाकांपर्यंत शक्ती न्यायचीच नाही म्हटल्यावर गाडीच्या पोटाखालून जाणारा तो लांबलचक प्रोपेलर शाफ्टही नको. गाडी हलकी, स्वस्त, आत जागा जास्त, मायलेज बरं. भारतात हे घराघरात पोचवलं मारुती ८०० नं. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला रस्त्यावर आली, म्हणजे बाबा नोकरीला लागले त्याच वर्षी. त्याआधीच्या अॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. पुढच्या चाकांची ही चिमुरडी घाटात टिकणार नाही, असं डेपोतल्या तमाम ड्रायव्हरमंडळींचं मत होतं म्हणे.

"ते साफ चुकलं," बाबा म्हणाले. "पण थोडं बरोबरही होतं."

म्हणजे असं, की चढावर कुठल्याही गाडीचं वजन मागे कलतं. डिकीत सामान, मागच्या सीटवर तीन माणसं, वर चढ... पुढची चाकं हलकी होतात आणि नेमकं काम त्यांनाच करायचं असतं. ओल्या चढावर थांबून पुन्हा निघताना ती चाकं किंचाळतात, ते तुम्ही पार्किंगच्या रॅम्पवर ऐकलं असेल. बाबांनी एकदा वरंध घाटात भर पावसात एक मारुती चढावर अडकलेली पाहिली होती. शेवटी तिच्या मालकानं गाडी वळवली आणि रिव्हर्समध्ये चढवली. वेडेपणा वाटेल, पण फंडा क्लिअर आहे. उलटी चढताना इंजिन उताराच्या बाजूला येतं आणि फिरणाऱ्या चाकांवर वजन पडतं.

एसटी, ट्रक, टेम्पो, बोलेरो, सुमो, ईको या सगळ्या हातगाडीच्या जातीच्या. मागून ढकलणाऱ्या. जेवढं ओझं मागे, तेवढी चाकं रस्ता घट्ट धरतात. म्हणून तर ओझं वाहणाऱ्या गाड्या अशा असतात. वर पुढची चाकं फक्त वळायला मोकळी. एकाच चाकाला ओढायलाही लावायचं आणि वळायलाही लावायचं, हा पुढच्या चाकांवरचा अन्याय इथे नाही. तोटा कधी? एसटी रिकामी असेल आणि रस्त्यावर चिखल असेल तेव्हा. मागचं वजन गेलेलं, चाकं घसरतात आणि शेपूट बाजूला निघते. पुढच्या चाकांची गाडी घसरली तर वळायच्या ऐवजी सरळच जाते, मागच्या चाकांची घसरली तर फिरते. "पहिल्यात माणूस घाबरतो उशिरा," बाबा म्हणाले, "दुसऱ्यात लगेच."

गंमत बघा, ऑफिसची कॅब म्हणून धावणारी जुनी इनोव्हा मागून ढकलते आणि २०२२ च्या शेवटी आलेली इनोव्हा हायक्रॉस पुढून ओढते. नाव तेच, खालचं कुळ बदललेलं. मी हे ऐकवलं आणि लगेच जीभ चावली. नाव तेच आणि खालचं वेगळं, हा विषय मला वाढवायचा नव्हता.

सिस्सूचं पार्किंग

अटल टनेल ९.०२ किलोमीटरचा आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला तो सुरू झाला. मनालीच्या बाजूनं आत शिरताना देवदार, ढग, मक्याची कणसं विकणाऱ्या बायका. पलीकडे बाहेर पडताना एकदम वेगळाच प्रदेश. कोरडी, उघडी, राखाडी शिखरं आणि खाली चंद्रा नदीकाठी हिरव्या शेतांच्या चिंध्या. बाबा बाहेर आल्यावर काहीच बोलले नाहीत. मग कितीतरी वेळानं म्हणाले, "एवढ्याशा बोगद्यानं केवढं बदललं रे."

सिस्सू हे चंद्रेच्या काठचं लाहौलमधलं गाव. वाटाणे, बटाटे, विलोची झाडं, पलीकडच्या कड्यावरून कोसळणारा धबधबा. उंचीची सवय व्हावी म्हणून आम्ही तिथे दोन रात्री काढल्या. संध्याकाळी बायको शेतांत फोटो काढत हिंडायची आणि बाबा होमस्टेच्या पार्किंगमध्ये. तिथे मिनी ऑटो एक्स्पोच भरलेला होता. मालकाची अल्टो, एक काझाची सुमो टॅक्सी, दिल्लीच्या पाहुण्यांची ऑल व्हील ड्राइव्हवाली डस्टर, चंदीगडच्या पोरांची नवीकोरी जिम्नी आणि आमचं ते देखणं धूड.

डस्टरवाल्या गृहस्थांनी बाबांना मोठ्या हौसेनं आतला गोल खटका दाखवला. २०१४ साली ही गाडी ऑल व्हील ड्राइव्हमध्ये आली तेव्हा हा खटका तिचा दागिनाच होता. टू व्हील, ऑटो, लॉक. ऑटोवर ठेवलं की एरवी पुढचीच चाकं चालतात. ती घसरतायत असं लक्षात आलं की मधला एक क्लच जुळतो आणि शक्ती मागेही जाते. ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. पावसाळी हायवे, थोडा बर्फ, ओलं गवत यासाठी मस्त. पण तासभर चिखलात झुंजवलं तर तो क्लच तापतो आणि मग गाडी हात वर करते.

जिम्नीचं प्रकरण निराळं. तिथे गिअरच्या शेजारी आणखी एक दांडा. तो ओढला की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी पक्के बांधले जातात. आणखी ओढला की 'लो'. म्हणजे सायकलची सगळ्यात हलकी चकती. वेग मुंगीचा, जोर हत्तीचा. हे खरं फोर बाय फोर. पण ते कोरड्या डांबरी रस्त्यावर लावायचं नसतं, कारण वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि दोन्ही ॲक्सल बांधलेले असले की आतली यंत्रं पिळली जातात. चिखलात, वाळूत, बर्फात चाकं जरा घसरून तो पीळ सोडवून घेतात.

(जाता जाता, तुम्ही विचारणारच म्हणून... हिंजवडी ते घर आणि महिन्यातून एकदा लोणावळा, एवढंच करणार असाल तर पुढच्या चाकांची साधी गाडी आणि चांगले टायर पुरेत. आणि चार चाकं फिरतात म्हणून गाडी चौपट लवकर थांबत नाही. ब्रेक तर सगळ्यांनाच चारी चाकांना असतात. इलेक्ट्रिकमध्ये तर शाफ्टची भानगडच संपत चाललीय. २०२५ मध्ये आलेल्या हॅरियर ईव्हीत एक मोटर पुढे, एक मागे; दोन्ही फिरल्या की झालं.)

"आपल्यात तो दुसरा दांडा दिसत नाही," रात्री जेवताना बाबा म्हणाले.

"आजकाल बटण असतं, बाबा." दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

होमस्टेच्या मालकानं निघायच्या आदल्या रात्री बजावलं होतं, "सुबह छह से पहले निकल जाना. दोपहर में नालों का पानी बढ़ता है." वरच्या हिमनद्या दिवसा उन्हानं वितळतात, आणि सकाळी घोट्याएवढा असणारा नाला दुपारी गुडघ्याच्या वर येतो. बाबा पाचला तयार होते. मी नऊला. एका रीलसाठी ड्रोनची बॅटरी चार्ज व्हायची होती.

पन्नास किलोमीटर

ग्राम्फूपासून बातलपर्यंतचा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरचा. कागदावर तो राष्ट्रीय महामार्ग आहे, क्रमांक ५०५. प्रत्यक्षात नदीचं पात्र कुठे संपलं आणि महामार्ग कुठे सुरू झाला हे आम्हाला बऱ्याच ठिकाणी कळलं नाही. गोल गोल धोंडे, त्यांच्यावरून वाहणारं पाणी, एका बाजूला कडा, दुसरीकडे खळाळती चंद्रा. ताशी दहा-पंधराचा वेग. झाड नाही, घर नाही, मोबाइलला रेंज नाही. तासाभरात एखादी गाडी समोरून येते आणि मग मागे कोण घेणार याची मूक वाटाघाट चालते. पण काय तो प्रदेश! डोंगरांवरून लोंबणाऱ्या हिमनद्या, आणि प्रत्येक वळणावर सावलीचा रंग वेगळा. छतडूला चहा प्यायलो तेव्हा मी अगदी खुशीत होतो. धोंड्यांतल्या चढांवर आमची गाडी मजेत चढत होती, सामान आणि बायको मागे, वजन बरोबर जागी. मनात म्हटलं, वाचवले की नाही पैसे?

छतडू सोडल्यावर तासाभरानं तो नाला आला. दुपारचे दोन वाजत आलेले.

आमच्या पुढे एक सुमो होती, माणसांनी आणि पोत्यांनी ठासून भरलेली. ती डुलत डुलत गेली. मग एक अल्टो. तिच्या ड्रायव्हरनं आधी खाली उतरून पाणी पाहिलं, दोन धोंडे बाजूला केले, मग न थांबता एका वेगात काढली. पोट घासलं, पण हलकी असल्यानं निघाली. मी विचार केला, अल्टो जाते तर आपण तर हत्ती आहोत. न उतरता, न बघता घातली. मध्ये एका धोंड्यापाशी बिचकलो आणि ब्रेक मारला.

तिथेच चुकलं. मागचं डावं चाक दोन धोंड्यांच्या मधल्या मऊ रेतीत बसलं. ॲक्सिलेटर दिला की डावं चाक गरगर फिरायचं, पाणी उडवायचं, आणि उजवं, चांगलं घट्ट दगडावर असलेलं, ढिम्म. समोर घसरल्याचा पिवळा दिवा लुकलुकत होता.

"पाय काढ," बाबा म्हणाले. आवाज न चढवता. "खड्डा खणतोयस तू."

आता इथे तुम्हाला त्या डावं-उजवं भानगडीबद्दल सांगायलाच हवं. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल पथक चौकात वळतं तेव्हा काय होतं आठवा. आतल्या बाजूचा ढोलवाला जागच्या जागी पावलं टाकतो, बाहेरच्याला जवळजवळ पळावं लागतं. गाडीच्या एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांचं तसंच. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, म्हणून मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चाकांची पेटी असते, ती दोघांना वेगवेगळं फिरू देते. रस्त्यावर ही पेटी देवमाणूस. चिखलात मात्र तिचा भोळेपणा अंगाशी येतो. ती दोन्ही चाकांना सारखाच जोर देते; आणि घसरणारं चाक जेवढा नगण्य जोर झेलू शकतं, तेवढाच मग घट्ट चाकाच्याही वाट्याला येतो. परिणाम, एक नाचतं आणि दुसरं बघत बसतं. म्हणजे आमच्या चार चाकांच्या गाडीचं त्या क्षणी कामाला एकच चाक होतं, आणि तेही निकामी.

बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले. मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी चपटे दगड शोधून चाकाखाली सारायला सुरुवात केली होती. ते पाणी काही तासांपूर्वी बर्फ होतं. मी हात घातला तर बोटं बधिर झाली. बायको आणि ते मागच्या सीटवर येऊन बसले, वजनासाठी. मग त्यांनी मागून सांगितलं, "हँडब्रेक दोन खटके वर घे. पूर्ण नको. दुसरा गिअर. क्लच हळू."

हँडब्रेक लावून गाडी काढायची? हो! हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना धरतो. नाचणाऱ्या चाकाला जरा अडथळा झाला की त्या भोळ्या पेटीला वाटतं इकडेही काम आहे, आणि तेवढा जोर पलीकडच्या चाकालाही मिळतो. एसटीच्या ड्रायव्हरला हे कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. गाडी खरंच हलली. हातभर पुढे आली, दगडावर चढली... आणि दगडासकट पुन्हा खाली बसली. आणखी दोनदा तेच. तिसऱ्या वेळी पाणी दाराच्या कडेला लागलेलं दिसलं. आलो तेव्हा ते चाकाच्या मध्यापर्यंत होतं.

बाबा पुन्हा उतरले, पण या वेळी दोन दगड लावून एका धोंड्यावर बसले. धाप लागली होती. ओठांचा रंग मला आवडला नाही. बायकोनं त्यांचे पाय शालीत गुंडाळले आणि माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. तिला गाडीबद्दल माहीत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "गाडी फोर बाय फोर नाहीये."

"माहितीये."

"कधीपासून?"

"चंदीगडपासून. लेस बांधायला वाकलो होतो ना? पुढच्या चाकांना शाफ्टच नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुझ्या आईनं फोनवरूनच मला परत बोलावलं असतं." मग थोडा श्वास घेऊन, "आणि मागची चाकं मला काय नवीन आहेत? सकाळी सहाला निघाला असतास तर हीच गाडी पार झाली असती."

माझ्याकडे यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पाण्याचा आवाज तेवढा होता.

दांडा

पाऊण तास गेला. मग बातलच्या बाजूनं एक जिप्सी आली. मुळात पांढरी असावी. चालवणारा तिशीचा स्थानिक तरुण, त्यानं लांबूनच परिस्थिती ओळखली आणि काहीही न विचारता गाडी वळवून पाठ आमच्याकडे केली. खाली उतरला आणि आधी आपल्या पुढच्या दोन चाकांपाशी जाऊन, मधल्या गोल बोंड्या हातानं पिळल्या. एक इकडची, एक तिकडची.

बाबा धोंड्यावरून उठले. "ये क्या किया आपने?"

"लॉक किया, अंकलजी. नहीं तो आगेवाला पहिया खाली घूमता रहेगा."

एरवी पुढची चाकं आपली मोकळी फिरतात, त्यांचे शाफ्ट झोपलेले. म्हणजे रोजच्या रस्त्यावर डिझेल-पेट्रोल वाया जात नाही, यंत्रं झिजत नाहीत. बोंडी पिळली की ती जागी होतात. मग त्यानं आत बसून दांडा 'फोर एल'वर टाकला, आमच्या पुढच्या हुकाला दोर बांधला. मला फक्त एवढंच सांगितलं, "आप कुछ मत करना. स्टेअरिंग सीधा रखना."

इंजिनाचा आवाज वाढलासुद्धा नाही. जिप्सी अक्षरशः चालत निघाली, चारी चाकं एका लयीत, धोंडा आला की त्यावर, उतरला की पुढे. दोर ताणला गेला, आमचं धूड एकदा कण्हलं आणि दहा सेकंदांत पलीकडच्या काठावर कोरडं उभं होतं. बायको आणि बाबा जिप्सीवाल्याच्या हाताला धरून दगडांवरून आले.

पैसे त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, "कल हम फँसेंगे, आप खींच लेना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाडीकडे. मग आम्ही दोघंही इतके हसलो की त्या बिचाऱ्याला कळेना झालं काय. बायको मात्र हसली नाही. काझापर्यंत ती माझ्याशी मोजकंच बोलली, आणि ते रास्तच होतं.

जाण्यापूर्वी बाबांनी त्याला विचारून जिप्सीत बसून तो दांडा एकदा टू एच, फोर एच, फोर एल असा सगळीकडे फिरवून पाहिला. एकतीस वर्षांची नोकरी, पण चारी चाकं चालवायचा दांडा हातात पहिल्यांदाच. मी आमच्या गाडीची चावी त्यांच्यापुढे धरली. "पुढे तुम्ही चालवा."

"ॲग्रीमेंट तुझ्या नावावर आहे," ते म्हणाले आणि डाव्या बाजूला जाऊन बसले.

उरलेल्या प्रत्येक नाल्यापाशी मी उतरलो. पाणी पाहिलं, दगड पाहिले, दोन्ही मागची चाकं कुठून जातील ते ठरवलं आणि मगच गाडी घातली, मध्ये कुठेही न थांबता. बातलच्या चाचा-चाचींच्या ढाब्यावर गरमागरम राजमा-चावल खाऊन, तास-दीड तास शेगडीपाशी बसून बाबांच्या चेहऱ्यावर रंग परत आला, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. कुंझुमला, सुमारे साडेचार हजार मीटरवर, गाड्या देवीच्या मंदिराला प्रदक्षिणा घालूनच पुढे जातात. आम्हीही घातली. बाबांनी खिशातून नाणं काढलं आणि जसं वरंध घाटात वाघजाईला काढायचे तसं कपाळाला लावलं. आतली चाकं हळू, बाहेरची जोरात. ढोल पथक!

काझाला पोचायला रात्रीचे नऊ झाले. गेस्ट हाऊसच्या जिन्यात रेंज आली आणि आईचा फोन वाजलाच. मी बॅगा उचलत होतो, बाबांनी घेतला.

"हो, पोचलो. हो, कानटोपी घातलीय. नाही, कुठे अडकलो नाही." माझ्याकडे पाठ करून ते जरा लांब गेले, पण जिना लहान होता. "अगं हो, किती वेळा विचारशील? फोर बाय फोर आहे. मी स्वतः खाली वाकून बघितलीय."